वापर : निरंक

पुंजाजी जुमडे यांच्यासंबंधी मी आजवर चौदा पत्रे लिहिली. पहिले त्यांच्याविरुद्ध होते. पुढची अकरा त्यांच्या बाजूने होती. शेवटची दोन पुन्हा त्यांच्याविरुद्ध. चौदाही पत्रांच्या स्थळप्रती माझ्या कपाटात तारीखवार लावलेल्या आहेत. ज्याला शंका असेल त्याने येऊन पाहाव्यात. हे पंधरावे लिखाण मात्र कोणत्याही कार्यालयास उद्देशून नाही. त्याला जावक क्रमांक नाही, सोबत सहपत्रे नाहीत. जे मला सिद्ध करता आले नाही तेही यात लिहिता येईल, एवढ्याच सवलतीसाठी मी हा प्रकार पत्करला आहे.

गावाचे नाव देत नाही. बुलढाणा जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण, इतके पुरे. नाव दिले की महाविद्यालय कोणते हे वेगळे सांगावे लागणार नाही, कारण ते एकच आहे. जुमडे सर त्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचे संचालक होते, म्हणजे कागदोपत्री कबड्डीपासून कवायतीपर्यंत सर्व काही त्यांच्याकडे होते. प्रत्यक्षात त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट केली. कापूस आणि सोयाबीनच्या मुलखात, जिथे टेनिस हा शब्द लोक टेबलाशिवाय उच्चारत नसत, तिथे त्यांनी खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलींना टेनिस शिकवले.

माझे घर महाविद्यालयाच्या मैदानाला लागून आहे. मध्ये फक्त एक भिंत. मी तेव्हा दिवाणी न्यायालयात नोकरीस होतो. एका आठवड्यात तीन चेंडू माझ्या अंगणात आले, त्यांपैकी एकाने तुळशीची कुंडी फोडली. मी चेंडू मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतले, प्रत्येकाला तारीख, वार आणि वेळेची चिठ्ठी बांधली आणि प्राचार्यांना अडीच पानी पत्र लिहिले. चौथ्या दिवशी दारात एक ठेंगणा, पोटऱ्या भरलेला गृहस्थ उभा राहिला. पांढरी इस्त्रीची पूर्ण विजार, कॅनव्हासचे बूट, खिशातून लोंबणारी सुतळी. हातात माझेच पत्र.

"साहेब, चिठ्ठी लय भारी लिवली तुमी. प्राचार्यायनं दोन डाव वाचली, त्यायले समजली नाई. मले समजली. आता बॉल द्या."

मी पावतीशिवाय मुद्देमाल परत देत नाही असे सांगितले. त्यांना राग आला नाही. ते ओट्यावर बसले, पावती लिहिली आणि चेंडूंच्या चिठ्ठ्या वाचू लागले. "हा मंगळवारचा. म्हनजे वर्षाचा. लय जोरात मारते पोरगी, पर पाय जागेवर नाई राहत तिचे." मग पावती माझ्या हातात देत म्हणाले, "तुमी कायद्याचे मानूस. आमच्या खेळात कायदा लय हाये आन् कायद्याचा मानूस एक बी नाई. सकाळी येत जा, वकीलसाहेब."

मी वकील नव्हतो आणि नाही. ही दुरुस्ती मी पहिली तीन वर्षे नियमाने केली. नंतर सोडून दिली.

ते मूळचे चिखली तालुक्यातल्या उंद्रीचे, शेतकऱ्याच्या घरातले. शिकायला बुलढाण्यास मामाकडे राहिले. मामा तिथल्या अधिकाऱ्यांच्या टेनिस मैदानावर माळी होता. त्यामुळे जुमडे सरांना आधी मैदान आले आणि मग खेळ. हाच क्रम त्यांनी पुढे सगळ्यांना लावला. आमच्या महाविद्यालयाचे मैदान त्यांनी स्वतः बांधले होते: खाली मुरूम, वर चाळलेली काळी माती, आणि त्यावर शेणाचे पातळ सारवण. दर रविवारी सडा आणि सारवण, सोमवारी पहाटे सुतळी धरून चुन्याच्या रेषा. नवीन मुलीला ते पहिला महिनाभर रॅकेट देत नसत. तिला सारवायला लावत. शहरातून एकदा पाहणीला आलेल्या एका गृहस्थाने हसत विचारले की, हे अंगण आहे की कोर्ट? जुमडे सर म्हणाले, "तुमच्या पोरी कोर्टावर येऊन घाबरतात. आमच्या घाबरत नाई. घरचंच हाये न."

शिट्टी त्यांच्या गळ्यात असे, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. ते टाळी वाजवत. एक टाळी म्हणजे थांब, दोन म्हणजे पुन्हा. ओरडणे त्यांना येतच नसे. एखादी मुलगी फारच चुकली तर ते फक्त "वा!" म्हणत, आणि ते "वा" ऐकून मुली रडत. चुकलेल्या चेंडूकडे ते पाहतच नसत. तो मारताना पाय कुठे होते ते पाहत. "हात त कोनाचाही चालते बे," असे ते म्हणत. मुलींनाही बे म्हणत. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण तक्रार एका वेगळ्याच शब्दाबद्दल झाली.

मघाच्या मंगळवारच्या चेंडूची वर्षा ही जळगाव जामोदच्या पलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातली. वडिलांनी तिला वसतिगृहात ठेवले होते. एका सकाळी ते न सांगता आले आणि जाळीबाहेर उभे राहिले. आत वर्षा सर्व्हिस करत होती आणि समोरची मुलगी मोठ्याने गुण पुकारत होती, "थर्टी लव्ह!"

वडील आत आले. "सर, हे काय बोलून राह्यल्या पोरी?"

"गुण मोजून राह्यल्या, भाऊ. लव्ह म्हनजे शून्य."

"लव्ह म्हनजे काय ते आमाले चांगलं समजते. आमच्या खेड्यात बी टीव्ही हाये."

दुपारपर्यंत वर्षाची पेटी वसतिगृहाच्या पायरीवर आली होती. जुमडे सरांनी वडिलांकडून एका दिवसाची मुदत मागून घेतली आणि सरळ माझ्याकडे आले. त्यांना दुसरा शब्द हवा होता. मी म्हटले, शून्य म्हणा. ते म्हणाले, "शून्य म्हटलं त पोरीयचं तोंड उतरते. पेपरात मिळाल्यावानी वाटते." मी त्या वेळी न्यायालयाचे मासिक विवरणपत्र भरत होतो. ते माझ्या खांद्यावरून पाहत होते. एका रकान्यावर त्यांनी बोट ठेवले.

"हे काय लिवलं?"

"निरंक."

"शून्यात आन् निरंकात फरक काय?"

मला खरे तर एवढेच सांगायला हवे होते की काही फरक नाही. पण शब्दांच्या बाबतीत मला आढ्यता आहे. मी म्हटले, "शून्य हा निकाल झाला. निरंक म्हणजे अद्याप नोंद झालेली नाही. होऊ शकते."

त्यांनी मांडीवर थाप मारली. "हेच पाह्यजे!"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या मैदानावर पंधरा-निरंक, तीस-निरंक, चाळीस-निरंक असे पुकारले जाऊ लागले. वर्षाच्या वडिलांनी अर्धा तास उभे राहून ऐकले, "हे बरं हाये, तहसीलीतल्यावानी," असा अभिप्राय दिला आणि पेटी परत आत गेली. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत लोक आम्हाला हसले. एका पंचाने हरकत घेतली. तेव्हा मी जुमडे सरांच्या बाजूने माझे पहिले पत्र लिहिले: गुण अमुकच भाषेत पुकारावेत असा नियम असल्यास त्याची प्रत मिळावी. प्रत आली नाही. उत्तर न येणे ही मी संमती समजलो. पुढे त्यांच्यासाठी जाळीबद्दल लिहिले, रोलरबद्दल लिहिले, मुलींना कपडे बदलायला खोली नाही याबद्दल चार वेळा लिहिले आणि खोली मिळवली. प्रत्येक वेळी ते मसुदा वाचत, बोटाने ओळ धरून, आणि शेवटी सही करत: संपूर्ण नाव, खाली एक सरळ रेघ, जणू सुतळी धरून मारलेली.

आता ज्या गोष्टीमुळे मी या माणसाला इतकी वर्षे मानले ती सांगतो.

आमच्या पातळीवरच्या सामन्यांत रेषेवर पंच नसत. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याचे त्याने सांगायचे. यात किती खोटेपणा चालतो हे मी जाळीबाहेर बसून पाहिले आहे. जुमडे सरांचा नियम चार शब्दांचा होता: "दिसला नाई त आत." तुला नक्की बाहेर दिसला तरच बाहेर म्हणायचे. शंका असेल तर चेंडू आत, गुण समोरच्याचा.

वर्षा शेवटच्या वर्षाला असताना विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात पोचली. मी सोबत गेलो होतो. निर्णायक गुणाच्या वेळी वारा सुटला, धूळ उठली, समोरचीचा चेंडू मागच्या रेषेपाशी पडला. आम्हा सर्वांना तो बाहेर वाटला. समोरच्या मुलीलाही वाटला असावा. ती मान खाली घालून परत फिरली होती. वर्षा क्षणभर थांबली आणि तिने हात आडवा केला. आत. सामना संपला.

परतीच्या गाडीतून आम्ही नांदुऱ्याला उतरलो. फलाटावर बाकावर बसून ती रडू लागली.

"सर, बाहेर होता तो. बहुतेक."

"बहुतेक म्हनजे?"

"धूळ होती न. बराबर दिसला नाई."

"मंग आत होता."

"पर आपन हरलो न सर!"

"हरलो त हरलो बे. तुले मिरची भजे पाह्यजे का कांदा भजे, ते सांग. शंका असन त दोनी घेऊ."

ती रडता रडता हसली. मी बाजूच्या बाकावर होतो. संशयाचा फायदा हा शब्द मी न्यायालयात आयुष्यभर ऐकला. तो आरोपी मागतो, वकील मागतो, मिळाला की पेढे वाटतो. तो आपल्या हाताने उचलून प्रतिपक्षाला देणारी माणसे मी त्या दिवशी प्रथम पाहिली. त्या फलाटावर मी मनोमन ठरवले की या माणसाच्या शब्दाला माझ्या लेखी शपथपत्राची गरज नाही. ही माझी चूक होती. इतकी वर्षे कायद्याच्या सावलीत राहून मी ती केली.

एकतीस वर्षे नोकरी करून जुमडे सर निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी मैदानावर आले. पुढची पाच वर्षे ते असेच येत राहिले. पद नव्हते, आदेश नव्हता. त्यांच्या जागी नेमलेल्या तरुणाला टेनिसमध्ये रस नव्हता, त्यामुळे त्याचीही हरकत नव्हती. चुना ते स्वतः आणत. मी म्हणत असे की महाविद्यालयाला लिहू. ते म्हणत, "आता कशाले? कागद केला म्हनजे कोनीतरी नाई म्हनन. आपलं चालू हाये ते चालू द्या." त्यामुळे त्या पाच वर्षांत एकही कागद झाला नाही. मी, ज्याने तीन चेंडूंची पावती घेतली होती, त्याने पाच वर्षे कागदाविना जाऊ दिली. मुलींच्या हजेरीची एक वही होती, ती सरांच्या पिशवीत असे.

त्याच सुमारास संस्थेच्या सचिवांना मैदानाच्या जागेवर बहुउद्देशीय सांस्कृतिक सभागृह बांधण्याची प्रेरणा झाली. बहुउद्देशीय म्हणजे लग्नांसाठी भाड्याने देण्याचे, हे गावातल्या लहान मुलालाही समजले. आड येत होते ते दानपत्र. ज्या कुटुंबाने जागा दिली त्यांनी अट घातली होती की तिचा वापर खेळासाठीच व्हावा. मात्र सलग पाच वर्षे तसा वापर न झाल्यास संस्थेला अन्य उपयोग करता येईल. संस्थेने अर्ज केला की गेली पाच वर्षे वापर नाही. मी हरकत घेतली. चौकशी लागली. सारा प्रश्न एका शब्दावर आला: वापर.

माझे म्हणणे हितसंबंधी शेजाऱ्याचे म्हणून कमी वजनाचे ठरणार होते. मुलींना मी साक्षीला बोलावले नाही; त्यांचे अंतर्गत गुण महाविद्यालयाच्या हातात होते. पण मला काळजी नव्हती. जुमडे सर होते, त्यांची वही होती. त्यांचा शब्द झाला की काम झाले.

संस्थेच्या कागदपत्रांच्या प्रती मला मिळाल्या तेव्हा त्यांत जुमडे सरांचे शपथेवरचे निवेदन होते. टंकलिखित, एक पान. निवृत्तीनंतर आपण सदर मैदानावर कोणतेही प्रशिक्षण दिलेले नाही; सराव अथवा सामने झालेले नाहीत. आणि शेवटी, स्वतंत्र ओळीत: "वापर : निरंक." खाली संपूर्ण नाव आणि सरळ रेघ.

मी ती ओळ किती वेळा वाचली ते लिहीत नाही. सचिवांच्या कारकुनाला हा शब्द सुचला नसता. तो माणूस "नाही" लिहितो, तेही ऱ्हस्व. हा शब्द त्या कागदावर एकाच माणसाच्या तोंडून उतरला होता, आणि त्याच्या तोंडात तो मी घातला होता.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. दार सुनेने उघडले. सीमा हिचे नाव, त्याच महाविद्यालयात आठ वर्षे तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होती. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि दर पावसाळ्यात पुन्हा मिळेल की नाही याची वाट पाहायची.

"काका, बाबा घरी नाहीत. बसा ना."

कॅनव्हासचे बूट दाराशी होते. त्यांच्याजवळ दुसरे बूट नव्हते. मी बुटांकडे पाहिले, तिनेही पाहिले. मी बसलो नाही.

सुनावणी मंगळवारी होती. चौकशी अधिकारी सभ्य होते. त्यांनी मला स्वतः प्रश्न विचारू दिले. जुमडे सर समोरच्या खुर्चीत, पांढऱ्या विजारीत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

मी विचारले, "या पाच वर्षांत मैदानावर चुन्याच्या रेषा कोण आखत होते?"

"मले याद नाई."

"दर रविवारी सारवण कोण करवून घेत होते?"

"याद नाई म्हटलं न."

"हजेरीची वही कुठे आहे?"

"कोन्ती वही?"

अधिकारी म्हणाले, "काका, आता शेवटचा एक प्रश्न."

माझ्याकडे अकरा प्रश्नांची यादी होती. मी ती बाजूला ठेवली. "सर, याद नसेल, शंका असेल, तर चेंडू कोणाला द्यायचा?"

संस्थेचे वकील उठले. कोणता चेंडू, याचा प्रकरणाशी संबंध काय? अधिकाऱ्यांनी प्रश्न अप्रस्तुत ठरवला, आणि ते योग्यच होते. जुमडे सरांना उत्तर द्यायची गरज उरली नव्हती. तरी त्यांनी दिले. टेबलाच्या कडेकडे पाहत, अगदी हळू.

"हे मॅच नाई, वकीलसाहेब."

टंकलेखकाने वर पाहिले. "हे लिहायचं का, सर?" अधिकारी म्हणाले, नको. त्यामुळे ते वाक्य अभिलेखात नाही. म्हणून ते इथे लिहिले.

आदेश संस्थेच्या बाजूने झाला. आदेशात चूक नाही. त्या पुराव्यावर मीही तोच दिला असता. आदेशानंतर अकराव्या दिवशी सीमाचे नेमणूकपत्र निघाले, कायम. या दोन गोष्टींचा संबंध मला सिद्ध करता येत नाही. एकामागून एक घडले एवढ्यावरून कारण ठरत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. पण मला डोळे आहेत.

मग यंत्र आले. मी भिंतीपलीकडे खुर्ची टाकून पाहत बसलो. पहिल्या फाळाबरोबर जमिनीची ढेकळे वर आली आणि त्यांच्या कडांना सारवणाचे थर दिसले, बोटाच्या पेरभर जाडीत शेकडो पापुद्रे. एकेक पापुद्रा म्हणजे एकेक रविवार. चालकाने खाली उतरून एक ढेकूळ हातात घेतले, वास घेतला आणि मला विचारले, "बाबा, इथं गोठा होता का?" जुमडे सर आले नाहीत. ते महिन्याभरातच पत्नीसह उंद्रीला राहायला गेले, असे समजले.

शपथेवर खोटे सांगितल्याबद्दल कारवाई का करू नये, अशी नोटीस मी तयार केली. पोस्टाने पाठवता आली असती. हातबटवड्याने द्यावी असे मला वाटले.

उंद्रीत घर शोधावे लागले नाही, पहिल्याच माणसाने "टेनीसवाल्या सरायचं न?" म्हणून बोट दाखवले. ते अंगणात बाजेवर बसून सुपात सोयाबीनचे बियाणे निवडत होते. अंगावर धोतर होते. पांढऱ्या विजारीशिवाय मी त्यांना प्रथमच पाहिले. वहिनी गडवा घेऊन बाहेर आल्या.

"या भाऊजी. पानी घ्या."

"नको, वहिनी."

"इतक्या उन्हाचे आले. राग त्यायच्यावर असन तुमचा. पान्यानं काय केलं?"

"मी आज प्रतिपक्ष म्हणून आलो आहे."

"कोन म्हनून?"

"ठेव तो गडवा," जुमडे सर म्हणाले. "नाई पिनार ते."

मी नोटीस दिली. त्यांनी हात धोतराला पुसले आणि ती बोटाने ओळ धरून, माझा मसुदा वाचत तशीच, वाचायला सुरुवात केली. पहिल्या परिच्छेदावर बोट थांबले.

"हे चुकलं तुमचं. 'एकतीस वर्षे प्रशिक्षण दिले.' "

"सेवापुस्तकात एकतीस आहे."

"नौकरी एकतीस. शिकोलं छत्तीस." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "रिटायर झाल्यावरची पाच कुठी गेली? पेन द्या."

मी पेन दिले. त्यांनी 'एकतीस' खोडले आणि वर 'छत्तीस' लिहिले, आकड्यात आणि अक्षरात. "खाडाखोडीवर सही पाह्यजे न?" त्यांनी बाजूला छोटी सही केली, खाली पोच म्हणून संपूर्ण नाव लिहिले आणि रेघ मारली. मग प्रत माझ्या हातात दिली.

अडतीस वर्षांच्या नोकरीत याहून स्पष्ट कबुली मी पाहिली नाही. आपण शपथेवर निरंक म्हटलेली पाचही वर्षे त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या विरुद्धच्या कागदावर नोंदवून दिली होती. हेच त्या मंगळवारी हवे होते. आता त्या जागेवर सभागृहाचे खांब उभे होते.

"हे तुम्ही तिथे का बोलला नाहीत?" माझा आवाज चढला असावा, कारण वहिनी मध्ये आल्या.

"भाऊजी, आमच्या सीमाचं परमनंट झालं. आठ वर्षं लेकरू..."

"तू आत जाय," ते म्हणाले. त्या आत गेल्या. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतले. "वकीलसाहेब, तुमच्या मांगं कोनी नाई. वहिनी गेल्या, लेकरू नाई. तुमाले खरं बोलाले काय लागते?"

माझ्या पत्नीच्या शेवटच्या आजारात हा माणूस सतरा दिवस इस्पितळात माझ्या जागी बसला होता. त्याने हे बोलावे. खोट्या निवेदनाबद्दल कायद्यात कलम आहे. या वाक्याबद्दल नाही, आणि हे वाक्य मी अजून कोणत्याही पत्रात घेतलेले नाही.

मी कागदाची घडी केली. ते बियाण्यातला खडा वेचून बाजूला टाकत म्हणाले, "साडेचारची एसटी हाये. फाट्यावर थांबतच नाई कधी कधी. आता निघा."

मी निघालो. फाट्यावर सावली नव्हती, दुसरे कोणी नव्हते. थोड्या वेळाने मागे पाहिले तर ते आले होते. माझ्यापासून वीसेक पावलांवर, बाभळीपाशी, अनवाणी उभे होते. जवळ आले नाहीत. मीही बोलावले नाही. आम्ही दोघे रस्त्याच्या एकाच बाजूला, एकाच दिशेला पाहत उभे राहिलो.

एसटी वेगात आली. मी हात केला. तिचा वेग कमी झाला नाही. तेव्हा जुमडे सर झपाट्याने रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. गाडी त्यांच्यापासून दोन हातांवर करकरून थांबली. चालकाने डोके बाहेर काढले. "मरता का बे, बाबा?"

"मानूस हाये," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "घ्या त्यायले."

मी चढलो. ते अजून गाडीच्या पुढे उभे होते. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "भाऊ हायेत का तुमचे?" डावीकडची, बाभळीच्या बाजूची, सगळी आसने रिकामी होती. मी उजवीकडे, दोन माणसांच्या मधोमध जागा करून घेऊन बसलो.